पन्नास अँपचा चुना

टेक्सासच्या उन्हाळ्यात मोटरहोमला, म्हणजे चाकांवरच्या घराला, छतावरचा एक एसी पुरत नाही. बाहेर 40 अंश असताना पुढचा भाग कसाबसा गार होतो, मागच्या बेडरूममध्ये बसवत नाही. पुण्याहून आई-बाबा येणार होते, म्हणून दुसरा एसी बसवायचं ठरवलं आणि एका फिरत्या मेकॅनिकने आम्हाला पद्धतशीर टोपी घातली. इकडे बरीच मराठी मंडळी जुन्या गाड्या घेऊ लागली आहेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

आमची गाडी 30 अँपची, बाहेरून तेवढीच वीज घेऊ शकणारी. म्हणजे 120 व्होल्टवर जेमतेम 3600 वॉट. 15,000 बीटीयूचा (हे गारव्याच्या क्षमतेचं माप) एक एसी भर उन्हात साधारण 13 ते 15 अँप खेचतो. दोन लावले की चार्जर, फ्रीज, मायक्रोवेव्हला काही उरतच नाही. 50 अँपच्या गाडीत मात्र 50-50 अँपच्या दोन वेगळ्या लाइन येतात, एकूण 12,000 वॉट. त्यामुळे "आधी गाडी 50 अँपची करू, मग एसी" हे त्या मेकॅनिकचं म्हणणं बरोबरच होतं. पक्का गोडबोल्या, सगळं पटेल असंच बोलायचा.

बिल असं: नवा एसी 1450 डॉलर, 50 अँपचं वायरिंग आणि पॅनेल 1200, छत कापून मजबुती 400. वर "झेलने (Zelle, बँकेतून थेट बँकेत पैसे पाठवायची सोय) दिलेत तर 10 टक्के सूट". आता या छताचं बघा. बेडरूमच्या छतात हवेसाठी 14 इंची चौकोनी झरोका आधीपासून असतो आणि छतावरचे एसी त्याच मापाचे बनतात. झरोका काढायचा, खालचा आधार तपासायचा, एसी ठेवायचा. कापायचं काय, कपाळ!

काम झाल्यावर दोन्ही एसी मस्त चालले. ब्रेकर एकदाही पडला नाही, आणि खरी गोम तिथेच होती. गॅल्व्हेस्टनजवळच्या आरव्ही पार्कात (अशा गाड्या लावायचा तळ, तिथे प्रत्येक जागेला विजेचा खांब असतो) बायकोने मायक्रोवेव्ह लावला आणि थोड्या वेळाने बेडखालच्या कपाटातून जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला. शेजारच्या साइटवर एक निवृत्त इलेक्ट्रिशियन आजोबा होते. त्यांनी आधी बाहेरचा प्लग उपटला, मग पॅनेलचं झाकण काढलं आणि म्हणाले, "ब्रेकर बदललाय, वायर नाही."

मेन ब्रेकर 50 चा, पण त्यात शिरणारी केबल जुनीच, नारिंगी वेष्टनाची 10 गेजची (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड). ती 30 अँपची. स्क्रूपाशी वेष्टन तपकिरी होऊन भेगाळलं होतं. ब्रेकर असतो तो वायर वाचवायला. वायरीला झेपत नाही तेवढा मोठा ब्रेकर लावला की तो पडत नाही, वायर तापत राहते. गाडीच्या बाजूला बसवलेलं चार पिनांचं नवं कोरं सॉकेटही नुसता देखावा होता. मागून दुसऱ्या लाइनचा स्क्रू मोकळाच.

आजोबांनाच उत्साह आला आणि ते शिडी लावून छतावर चढले. "नव्या" एसीचं पांढरंशुभ्र प्लास्टिकचं कव्हर उचललं तर आत गंजलेला तळ, माहितीची पट्टी खरवडून काढलेली आणि कॉइलशेजारी कुंभारमाशीचं सुकलेलं मातीचं घर! कारखान्यातून आलेल्या नव्या एसीत कुंभारमाशी कुठून संसार मांडणार?

मेकॅनिकने पहिल्या फोनला "पार्कचं व्होल्टेज कमी असेल" असं सांगितलं. फोटो पाठवल्यावर नंबरच बंद. झेलचे पैसे क्रेडिट कार्डासारखे वाद घालून परत मिळवता येत नाहीत. ती सूट कशासाठी होती ते तेव्हा कळलं. बिलावर फोन नंबर आणि पोस्टाचा बॉक्स, बाकी पत्ता नाही. टेक्सासात 20,000 डॉलरपर्यंतचा दावा जस्टिस कोर्टात वकिलाशिवाय लावता येतो, पण समन्स बजावायला माणूस सापडायला हवा. तो शोध सुरू आहे.

सध्या मेन ब्रेकर परत 30 चा केलाय. दुसऱ्या एसीला स्वतंत्र 12 गेजची केबल ओढून ती पार्कच्या खांबावरच्या 20 अँपच्या सॉकेटला लावतो. बहुतेक खांबांवर 50 आणि 30 च्या जोडीला ते असतंच. खर्च फार थोडा, म्हणून तर त्या गृहस्थाने हा मार्ग कधी सुचवलाच नाही.

तुमच्या गाडीचं असं काम कुणी केलं असेल तर प्लग काढून, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करून, जाणकाराकडून पॅनेल उघडून घ्या. मेनवर 50 लिहिलंय आणि केबल नारिंगी आहे, असं दिसलं तर प्लग परत लावू नका. 50 अँपला 6 गेजची जाड केबल लागते, वेष्टन बहुधा काळं असतं, आत वीज आणणाऱ्या दोन तारा, न्यूट्रल आणि अर्थिंग. एसी बसवताना खोक्यावरचा आणि यंत्रावरचा सिरियल नंबर जुळवून फोटो काढा, तोही कव्हर लावायच्या आधी.