पाटल्या उजळायला दिल्या, साडेसात ग्रॅमने हलक्या झाल्या

दिवाळीच्या आधीची गोष्ट. आम्ही साताऱ्यात राहतो. दुपारी अडीचचा सुमार, हे बँकेत गेलेले, सूनबाई शाळेत. बेल वाजली. दारात दोन तरुण, नीटनेटके कपडे, गळ्यात ओळखपत्र. भांडी घासायच्या नव्या पावडरीची जाहिरात करतोय म्हणाले. "काकू, काही घ्यायचं नाही, फक्त बघा." मी देवघरातली पितळी समई आणून दिली. दोन मिनिटांत ती लखलखीत करून दिली. मग जोडव्यांवरचा काळपटपणा काढला. पैसे विचारले तर म्हणाले, "आईसारख्या आहात, पैसे कसले?"

तिथे मी विरघळले.

खरं तर दागिने घरी धुण्यात मी नवखी नव्हे. तीस वर्षं माझी एकच पद्धत आहे. रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी ते पाणी कोमट करायचं, त्यात दागिने पंधरा मिनिटं ठेवायचे, मऊ ब्रशने नक्षीतला मळ काढायचा आणि सुती फडक्याने टिपायचं. बोरमाळ मात्र कधी गरम पाण्यात घालायची नाही, कारण मण्यांत लाख भरलेली असते. मोत्यांची नथ तर फक्त ओलसर कापडाने पुसायची. आईने शिकवलं तसंच मी करत आले. त्या मुलांना हे सांगितलं तर एक जण म्हणाला, "रिठ्याने वरचा मळ जातो काकू, सोन्याची मूळ झळाळी येत नाही." आणि मी हातातल्या पाटल्या काढून दिल्या.

आईच्या पाटल्या. चार तोळ्यांच्या, कडेने कळ्यांची नक्षी असलेल्या.

आता पुढचं नीट वाचा. मी आतून स्टीलचं पातेलं आणलं, ते त्याने घेतलं नाही. पिशवीतून स्वतःचा प्लास्टिकचा वाडगा काढला. त्यात बाटलीतलं पाणी ओतलं. नाकाला झोंबणारा वास आला, थोडा धूरही दिसला. मी मागे सरकले तर म्हणाला, "औषध आहे, लांबच राहा." पाटल्या त्यात बुडवून ब्रशने घासत राहिला. पाणी पिवळं होत गेलं. मला वाटलं, इतक्या वर्षांचा मळ निघतोय! दुसरा मुलगा तेवढ्यात माझ्याकडे प्यायला पाणी मागत होता, सणाचं विचारत होता. मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आले.

मग पाटल्या साध्या पाण्यातून काढून हळद लावून छोट्या डब्यात ठेवल्या. डबा कुकरमध्ये ठेवायला सांगितला. एक शिट्टी करायची, वाफ पूर्ण जिरू द्यायची, अर्धा तास झाकण उघडायचं नाही, नाहीतर रंग बसत नाही. वाडग्यातलं पिवळं पाणी त्याने परत कॅनमध्ये भरलं. "मोरीत ओतू नका काकू, फरशी खराब होईल, आम्हीच नेतो." किती काळजी घेतात, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

अर्ध्या तासाने कुकर उघडला. हळद धुतली तर खाली पाटल्या मातकट, पांढुरक्या. कळ्यांवरून बोट फिरवलं, बोटाला काहीच लागेना. छातीत धस्स झालं. तशीच रिक्षा करून आमच्या सराफांकडे गेले. त्यांच्या वहीत जुनं वजन होतं, 41.2 ग्रॅम. काट्यावर भरल्या 33.7.

सराफांनी शांतपणे समजावलं. नायट्रिक आम्लाचा एक भाग आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन भाग मिसळले की आम्लराज तयार होतं. ही दोन आम्लं एकेकटी सोन्याला काही करत नाहीत, एकत्र आली की सोनं विरघळवतात. पाणी पिवळं झालं ते मळाने नव्हे, माझ्या सोन्याने. वाडगा प्लास्टिकचा घेतला कारण स्टीलच त्यात खाल्लं गेलं असतं. 22 कॅरटमध्ये थोडी चांदी मिसळलेली असेल तर तिचा पांढुरका थर वर उरतो, म्हणून तो रंग. आणि ते पाणी त्यांनी इतक्या जपून नेलं, कारण त्यातून सोनं परत काढता येतं. अर्धा तास कशासाठी होता हे सांगायची गरजच उरली नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न तोच आला, "पाणी कुठे आहे?" माझ्याकडे फक्त हळदीचा डबा होता. तरी तक्रार लिहून घेतली, फसवणुकीचं कलम 318 लावलं. त्या दोघांचा अजून पत्ता नाही.

शेजारच्या गल्लीतल्या एका वहिनींना नंतर सगळं सांगितलं तेव्हा त्या रडायलाच लागल्या. त्यांच्या बांगड्यांचंही असंच झालं होतं, पण घरात बोलणी बसतील म्हणून गप्प राहिल्या होत्या. त्यांनी त्या दिवशी 112 ला फोन केला असता तर कदाचित माझ्या दारापर्यंत ते आलेच नसते. मी त्यांना दोष देत नाही. मीही संध्याकाळी ह्यांना सांगताना तासभर शब्द शोधत होते.

सोन्यावर बसतो तो घामाचा, तेलाचा, साबणाचा थर. रिठा किंवा भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब त्याला पुरे आहेत. टूथपेस्टही लावू नका, 22 कॅरट मऊ असतं, ओरखडे पडतात. चांदी काळी पडली तर ॲल्युमिनियमच्या कागदावर ठेवून खायच्या सोड्याचं गरम पाणी ओता, काळेपणा उतरतो. घरच्या धुण्याने दागिन्याचं वजन घटत नाही. धुताना पाणी पिवळंधमक होऊन धूर येत असेल तर दागिना बाहेर काढायला लावा, वाडगा ताब्यात घ्या, ओरडा, शेजाऱ्यांना बोलवा. ते पाणी घराबाहेर जाऊ देऊ नका.

सूनबाई म्हणते, पाटल्या मोडून नवीन करू. मी नाही म्हटलं. एका पाटलीच्या आतल्या कडेला तीन कळ्या अजून शाबूत आहेत. ब्रश तिथवर पोचला नसावा.