लॉगफ्रेम की कार्यक्रम-सिद्धांत? अनेक ठिकाणचं मूल्यमापन हाती असेल तर

लोकांना सोबत घेऊन चालणारी आरोग्य भागीदारी एकाच गावात असेल तर तिच्या मूल्यमापनासाठी लॉगफ्रेम, म्हणजे उद्दिष्टं, कामं आणि मोजायचे आकडे मांडणारा तक्ता, घ्या आणि कामाला लागा. खरी पंचाईत येरवड्याची वस्ती, पुरंदरची गावं आणि जुन्नरच्या आदिवासी वाड्या एकाच अहवालात बसवायच्या असतात तेव्हा होते. लॉगफ्रेम आणि कार्यक्रम-सिद्धांत (काम कसं परिणाम घडवेल याची कारणसाखळी) या दोन्ही पद्धती मी वापरल्यात, तेव्हा माझा कल लपणार नाही.

१९६९ च्या सुमारास यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेसाठी तयार झालेली लॉगफ्रेम आजवर टिकली, ती उगाच नाही. सीएसआरवाल्यांना, म्हणजे सामाजिक कामाला निधी देणाऱ्या कंपन्यांना, एका पानात सगळं दिसतं, तालुका समन्वयक दरमहा आकडे भरू शकतो. कार्यक्रम-सिद्धांत इथे मागे पडतो. अमुक केल्याने तमुक का घडेल, ही साखळी आशाताई, नर्सबाई, समिती सदस्य यांच्यासोबत बसून मांडायची म्हणजे बैठका लांबतात आणि देणगीदार आकडे मागत राहतो.

मला नडला तो लॉगफ्रेमचा एक रकाना: ग्राम आरोग्य समितीच्या बैठका. एका गावात रजिस्टर नेटकं, सह्या पूर्ण, पण अबंधित निधी (समितीने स्थानिक गरजेप्रमाणे वापरायचा सरकारी पैसा) कुठे खर्चायचा हे दोघातिघांतच ठरायचं. दुसरीकडे समिती नावापुरती. मात्र बचत गटाच्या बायका आशाताईंना घेऊन उपकेंद्रात जायच्या आणि औषधं का संपली ते विचारायच्या. तक्त्यात पहिलं गाव हिरवं, दुसरं लाल. शेऱ्यात खुलासा लिहावा, तर एकत्रित अहवालात शेरेच गळायचे. ज्या गावाकडून शिकायचं, तेच नापास! हे मला फार लागलं.

कार्यक्रम-सिद्धांतात मधला दुवा लिहावाच लागतो: लोक जाब विचारू शकतात, म्हणून सेवा सुधारते. मग प्रत्येक ठिकाणी तो दुवा शोधायचा, रूप काहीही असो. महाराष्ट्रात २००७ मध्ये सुरू झालेली लोकाधारित देखरेख (सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच ठेवायची नजर), जिच्या पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होतं, तिच्या जनसुनवाया, म्हणजे अधिकाऱ्यांना जाहीर जाब विचारायच्या सभा, याच दुव्यावर उभ्या राहिल्या. कोणत्या परिस्थितीत, कशामुळे, काय घडलं, हा पॉसन आणि टिली या मूल्यमापन-अभ्यासकांचा १९९७ चा प्रश्न इथे फार उपयोगी पडतो. फक्त साखळी माहिती गोळा करण्याआधीच लिहून ठेवा. नाहीतर कुठल्याही निकालाला साजेसं कारण मागाहून सापडतं.

मुदत वर्षाचीच आणि माणसं कमी असतील, तर लॉगफ्रेम घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. सवड असेल तर मात्र सुरुवातीचे आठवडे साखळीलाच द्यावेत आणि देणगीदाराचा एकपानी तक्ता तिच्यातूनच काढावा, असं मला वाटतं.