सहा इंची न्यूटोनियन, काही महिन्यांनंतर: आरशाला पैकीच्या पैकी, फोकसरच्या स्क्रूला शून्य

फोकसरच्या, म्हणजे दुर्बिणीत फोकस साधायला आत-बाहेर सरकणाऱ्या भागाच्या, लॉक स्क्रूचे आटे गेले. एवढ्याशा कारणावरून कोणी लांबलचक अनुभव लिहायला बसतं का, असं वाटेल. पण या दुर्बिणीशी माझं जे काही बरं-वाईट झालं ते फिरून फिरून त्या एका स्क्रूपाशीच येतं, म्हणून लिहितेच. न्यूटोनियन म्हणजे आरशाची दुर्बीण: सहा इंची आरसा, एफ/5 (फोकल लेन्थ आरशाच्या व्यासाच्या पाचपट), 750 मिलिमीटर फोकल लेन्थ, पत्र्याची नळी, दोन वेगांचा क्रेफर्ड फोकसर आणि खाली मध्यम वजनाचा जर्मन इक्वेटोरियल माउंट, म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारा आधार. कंपनीचं नाव देत नाही. अशा नळ्या अनेक नावांनी विकल्या जातात आणि फोकसर बहुतेकांवर याच धर्तीचा असतो.

खोक्यावर ‘फोटोग्राफीसाठी’ असं छापलंय. ते अर्धं खरं आहे. साध्या न्यूटोनियनला कॅमेरा लावला की फोकस बऱ्याचदा फोकसरच्या आतच राहतो, सेन्सर तिथवर पोचत नाही. इथे मुख्य आरसा नळीत वर सरकवलाय, म्हणून फोकस पुरेसा बाहेर येतो. प्रकाश बाजूला फोकसरकडे वळवणारा दुय्यम आरसाही मोठा दिलाय, म्हणजे सेन्सरच्या कोपऱ्यांना प्रकाश कमी पडू नये. इथवर कोणीतरी डोकं लावून काम केलंय. फोकसर निवडताना मात्र त्याच्या डोळ्यांपुढे हलकी नेत्रिका असावी. माझ्याकडे कॅमेरा, तो जोडणारी टी-रिंग आणि कडेचे तारे नीट करणारं भिंग, म्हणजे कोमा करेक्टर, मिळून किलोभर वजन फोकसरच्या नळकांड्याला लटकतं.

क्रेफर्डची रचना जॉन वॉल या इंग्लिश हौशी दुर्बीणकाराची. तिच्यात दातेरी चक्रं नाहीत. एक गुळगुळीत दांडा नळकांड्याला चार बेअरिंगांवर दाबून धरतो आणि निव्वळ घर्षणावर ते आत-बाहेर होतं. डोळ्याने पाहताना हे फार सुखाचं, कारण दात नाहीत तर गचकाही नाही. वजन वाढलं की नळकांडं घसरायला आणि झुकायला लागतं. ते घसरू नये म्हणून खाली लॉक स्क्रू दिलाय, आणि तो आवळला की नळकांड्याला एका बाजूने ढकलतो. म्हणजे फोकस जागेवर राहावा म्हणून आवळायचं, तर आवळल्यानेच फोकस हलणार.

किती हलणार? एफ/5 ला हिरव्या प्रकाशात फोकसची सगळी सवलत मिळून 0.05 ते 0.07 मिलिमीटर. त्याबाहेर गेलात की तारे फुगले. माझ्या कॅमेऱ्यातला एपीएस-सी सेन्सर साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद आहे; तो 0.2 अंशाने जरी कलला तरी त्याच्या दोन टोकांत 0.08 मिलिमीटरचा फरक पडतो. मग डावीकडचे तारे टाचणीच्या टोकासारखे, उजवीकडचे लांबुळके. माझे सुरुवातीचे सगळे फोटो असेच आहेत. लेझर लावून आरसे नीट जुळवले तरी फरक पडत नव्हता. लेझर लावलेलाच ठेवून स्क्रू आवळून बघितला, तर आरशावरचा लाल ठिपका डोळ्यांदेखत केंद्रावरून सरकला. चोर तिथे सापडला.

डोळ्याला यातलं काही कळत नाही. डोळ्याचं भिंग थोडंफार सावरून घेतं, बघणारा नकळत जुळवून घेतो, आणि चंद्र सुरेखच दिसतो. सेन्सर सिलिकॉनचा सपाट तुकडा आहे, तो सावरत नाही. माझी सगळी तक्रार एवढीच आहे.

सेवा केंद्राला लिहिलं तेव्हा याच मुद्द्यावर घोडं अडलं. लेझरच्या ठिपक्याचे फोटो आणि चारही कोपऱ्यांचे कापलेले तुकडे पाठवले. उत्तर आलं, “उत्पादन ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे.” मर्यादा कोणती, ते नाही. मग विचारणा झाली, की नेत्रिकेतून पाहताना दोष जाणवतो का? नाही, म्हटलं, कसा जाणवेल? “मग दोष नाही.” ‘फोटोग्राफीसाठी’ या छापील शब्दाचा फोटो काढून पाठवला. त्यावर काही काळ शांतता, आणि शेवटी उपाय सुचवला तो हा: “स्क्रू अधिक घट्ट आवळून पाहावा.” आवळला. त्यातच आटे गेले. आता बदली स्क्रू पाठवतो म्हणतात, पण आटे गेलेत ते फोकसरच्या अॅल्युमिनियममधले. स्टीलचा स्क्रू शाबूत आहे. हे तिसऱ्यांदा समजावून सांगायचं त्राण माझ्यात नाही.

तोवर मी एक तोड काढली होती, ती सांगते, कारण तुमच्याही नळीवर चालेल. बाहतिनोव्ह मास्क वापरत असालच. रशियाच्या पाव्हेल बाहतिनोव्ह यांनी 2005 मध्ये काढलेली ही खाचांची चकती नळीच्या तोंडावर ठेवली की तेजस्वी ताऱ्याच्या फुलीतून मधली रेघ जाते, आणि ती बरोबर मध्ये आली की फोकस पक्का. स्क्रू आवळल्याने ती रेघ नेहमी एकाच बाजूला आणि जवळजवळ तेवढीच सरकते. मग फोकस मुद्दाम उलट्या बाजूला तेवढाच चुकवून ठेवायचा आणि पडद्याकडे बघत स्क्रू हळूहळू पिळायचा. रेघ आपसूक मध्ये येऊन बसते. याने फोकस साधतो. कलणं तसंच राहतं, त्याला या युक्तीत इलाज नाही.

आणि साधलेला फोकस रात्रभर टिकत नाही. पत्र्याची नळी थंडीने आखडते. दोन आरशांमधलं अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास आहे. तापमान 10 अंशांनी उतरलं तर पोलाद तेवढ्या लांबीत 0.06 मिलिमीटर आकसतं. म्हणजे सगळी सवलत एका रात्रीत संपते. मग पुन्हा मास्क, पुन्हा ढिला, पुन्हा आवळा. मोटर फोकसर लावा, असं जो तो सांगतो. का लावू? नळी विकत घेताना फोकसरचे पैसे त्यात मोजलेत की. एकाच गोष्टीसाठी दोनदा पदराला खार लावून घ्यायची माझी तयारी नाही.

सध्या लॉक स्क्रू काढूनच टाकलाय. फोकसरच्या पोटात ताणाचा एक छोटा, षटकोनी खाचेचा स्क्रू असतो, ॲलन कीने फिरणारा. तो इतका आवळला की नळकांडं लॉकशिवायही वजन पेलतं. पण ताण जास्त झाला की बारीक वेगाची गुंडी नुसतीच फिरते, नळकांडं हलत नाही. या दोहोंच्या मध्ये किल्लीच्या अगदी थोड्या फेरात एक जागा आहे, तिथे सगळं चालतं. ती सापडल्यापासून कोपरे बरेच सुधारलेत.

आता माउंटविषयी. त्याला मी मानांकनात दोनच तारे देणार होते, आणि तसं टिपूनही ठेवलं होतं. आकाश सेकंदाला 15 आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकतं. माझ्या कॅमेऱ्याचा 3.9 मायक्रॉनचा पिक्सेल या फोकल लेन्थला जेमतेम 1.07 आर्कसेकंद झाकतो. एवढ्या बारकाईने मागोवा घ्यायचा आणि तोही 144 दातांच्या एका चक्रावर. ते चक्र फिरवणाऱ्या आट्यांच्या दांड्याचा, म्हणजे वर्मचा, एक फेरा सुमारे 598 सेकंदांचा, आणि त्या दहा मिनिटांत तारा एकदा पुढे एकदा मागे डोलतो. गायडिंगविना, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा पाहत माउंटला दुरुस्त्या दिल्याविना, 30 सेकंदांच्या फ्रेम्ससुद्धा कित्येक टाकून द्याव्या लागत. शिवाय डेक्लिनेशनच्या (उत्तर-दक्षिण) गिअरात बॅकलॅश, म्हणजे दातांमधली ढिलाई, इतकी, की दिशा बदलली की मोटर फिरतेय आणि नळी ढिम्म.

गायड कॅमेरा लावल्यावर हे मत बदलावं लागलं. ध्रुवाची जुळणी मुद्दाम अगदी अचूक न करता किंचित बाकी ठेवली आणि डेक्लिनेशनला एकाच दिशेने दुरुस्त्या द्यायला सांगितलं, तर बॅकलॅशचा प्रश्नच उरला नाही. पूर्वेकडची बाजू थोडी जड ठेवल्यावर दात एकमेकांना टेकून राहिले. आता चार-पाच मिनिटांच्या फ्रेम्स येतात आणि गायडिंगमधली चूक दाखवणाऱ्या आलेखाची रेघ बहुतेक वेळ एका आर्कसेकंदाच्या आसपास असते. या किमतीच्या वर्गात यापेक्षा जास्त मागणं बरं नव्हे. चार तारे. बारा व्होल्टचा प्लग मात्र खोबणीत डुगडुगतो. वायरीला धक्का लागला की माउंट बंद पडतो आणि कुठे बघत होता हे विसरतो. वायर तिपाईला बांधून टाका, पहिल्याच दिवशी.

आलेख इतका सरळ असूनही लांब फ्रेम्समध्ये तारे एकाच दिशेला ओढल्यासारखे येत. गायड दुर्बीण (गायड कॅमेरा बसवलेली छोटी दुर्बीण) म्हणते सगळं आलबेल, कॅमेरा म्हणतो नाही. याचा अर्थ दोघांपैकी कोणीतरी वाकतंय, आणि कोण ते तुम्ही ओळखलं असेलच. इक्वेटोरियल माउंटवर नळी जशी फिरते तसा फोकसर कधी बाजूला, कधी वर, कधी खाली येतो. वस्तू मध्यमंडळ (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून गेली आणि माउंटने कूस पालटली की वजन उलट्या बाजूला ओढतं. ताणाचा स्क्रू आवळल्यावर ही ओढ निम्म्याने तरी कमी झाली. उरलेली गायड दुर्बिणीच्या कड्यांमधल्या प्लास्टिकच्या टोकांच्या स्क्रूंमुळे होती. त्या जागी धातूची टोकं बसवली. तेव्हा सगळं पाप एकट्या फोकसरच्या माथी नाही, हे नोंदवते. निम्मं आहे.

एवढं सगळं ऐकून ही दुर्बीण मी अजून विकली का नाही? आरशामुळे. कोमा करेक्टर लावून, सेन्सरपासूनचं 55 मिलिमीटरचं अंतर नेमकं राखल्यावर या आरशातून जे दिसतं त्याला तोड नाही. एम 51 ही भोवऱ्यासारखी दीर्घिका मी पहिल्यांदा एका पाच मिनिटांच्या कच्च्या फ्रेममध्ये पाहिली, कुठलीही प्रक्रिया न करता. दोन्ही सर्पिल बाहू आणि शेजारच्या छोट्या दीर्घिकेकडे गेलेला पूल. हेच सर्पिल रूप 1845 मध्ये लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमधल्या बर कॅसलच्या 72 इंची दुर्बिणीतून डोळ्याने पाहून कागदावर रेखाटलं होतं. त्या आरशाचा व्यास माझ्या आरशाच्या बारापट. कॅमेरा प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही; पुस्तकात वाचलेलं होतं, पण पडद्यावर ते बाहू उमटले तेव्हा मी खुर्चीवरून उठून उगाच दोन फेऱ्या मारल्या.

मृगातल्या एम 42 या तेजोमेघावरही आरसा खूष करतो. गाभा इतका तेजस्वी की मिनिटाच्या फ्रेममध्ये जळून पांढरा होतो, म्हणून थोड्या फ्रेम्स पाच-दहा सेकंदांच्या वेगळ्या घ्या आणि नंतर जोडा. हेन्री ड्रेपर यांनी 1880 मध्ये याच तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला तेव्हा 51 मिनिटं लागली होती. साध्या कॅमेऱ्यात लाल रंग फिका येतो, कारण आतला फिल्टर हायड्रोजनचा 656.3 नॅनोमीटरचा प्रकाश बराचसा अडवतो. तो फिल्टर मी काढून घेतला नाही; दिवसाचे फोटोही त्याच कॅमेऱ्याने काढायचे असतात.

गुरू-शनीसाठी ही नळी घेऊ नका. 750 मिलिमीटरला ग्रह मटाराएवढाही येत नाही, बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) आणि छोटा व्हिडिओ कॅमेरा लागतो, आणि गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरत असल्याने चित्रीकरणही काही मिनिटांत आटपावं लागतं. जमतं, पण हे हत्यार त्या कामाचं नाही. दवाचा त्रास मुख्य आरशाला होत नाही, गायड दुर्बिणीच्या भिंगाला होतो. तिला हीटरची पट्टी लावाच. प्रकाशप्रदूषण असेल तर दुहेरी नॅरोबँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे जाऊ देणारा) तेजोमेघांना उपयोगी, दीर्घिकांना नाही, कारण त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो. दीर्घिकांना वेळ द्यावा लागतो, आणि वेळेचा हिशेब कंजूष आहे: गोंगाटाच्या (चित्रातल्या दाणेदारपणाच्या) तुलनेत चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर फ्रेम्स चौपट.

विकत घेणार असाल तर नळी हातात आल्या आल्या कॅमेरा लावा, लेझर लावा, लॉक स्क्रू पिळा आणि ठिपका बघा. परत करायची मुदत असतानाच बघा. नुसतं डोळ्याने पाहणार असाल तर यातलं काहीच वाचायची गरज नव्हती, बिनधास्त घ्या.

गायड दुर्बिणीऐवजी ऑफ-ॲक्सिस गायडर (कडेचा थोडा प्रकाश गायड कॅमेऱ्याकडे वळवणारा भाग) लावला तर वाकण्याची उरलीसुरली कटकटही जाईल, कारण गायड कॅमेरा त्याच फोकसरमधून बघेल आणि फोकसर झुकला तरी दोघं मिळून झुकतील. पण कोमा करेक्टरला लागणाऱ्या 55 मिलिमीटरपैकी बहुतेक माझा डीएसएलआरच खातो, उरलेले टी-रिंग. गायडर शिरायला जागाच नाही. थंड करता येणारे खगोल-कॅमेरे बऱ्याचदा 17.5 मिलिमीटरच घेतात, त्यांच्यापुढे तो आरामात बसतो. म्हणजे गायडर हवा तर आधी कॅमेरा बदला. तो इतक्यात बदलणार नाही, तेव्हा कड्यांचे स्क्रू आवळून काम चालवतेय.