डार्क सोल्स रीमास्टर्ड, आठ महिन्यांनंतर: राक्षसांपेक्षा खोल्या अवघड

गेम घेऊन आठ महिने झाले. घड्याळ ११२ तास दाखवतंय, त्यातले निदान तीस तास तरी मी एकाच जागी पुन्हा पुन्हा मरण्यात घालवलेत. पहिल्या आठवड्यात रिव्ह्यू लिहिला असता तर त्यात शिव्याच जास्त असत्या, म्हणून थांबलो.

तलवार-ढाल घेऊन राक्षसांशी लढायचा हा व्हिडिओ गेम. मूळ गेम २०११ चा, फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीचा, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. माझ्याकडे आहे ती २०१८ ची रीमास्टर्ड, म्हणजे सुधारून पुन्हा काढलेली आवृत्ती, पीसीवर. तांत्रिक बाजू दोन ओळीत आटोपतो: सेकंदाला ६० फ्रेम्स मिळतात, ब्लाइटटाउनसारख्या जुन्या आवृत्तीत अडखळणाऱ्या जागा आता गुळगुळीत चालतात, आणि कंट्रोलर नसेल तर या वाटेला जाऊ नका. कीबोर्डवर मी दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी मित्राचा कंट्रोलर उचलून आणला तो अजून माझ्याकडेच आहे.

आता मुद्द्याचं. ‘बॉस (म्हणजे टप्प्याटप्प्यावर वाट अडवणारे मोठे राक्षस) फार अवघड आहेत’ हे गेम घ्यायच्या आधीच शंभर जणांकडून ऐकलं होतं. त्यामुळे माझी कल्पना अशी की मोठा राक्षस म्हणजे मोठा त्रास. सुरुवातही तशीच होते. तुरुंगातून निघता निघता असायलम डीमन वरून अंगावर उडी मारतो आणि तुमच्या हातात असते तुटक्या तलवारीची मूठ. मी इमानेइतबारे त्या मुठीने त्याला टोचत बसलो. डावीकडे पळून जायला दार आहे हे तिसऱ्यांदा मेल्यावर दिसलं. पुढे खरं शस्त्र मिळाल्यावर वरच्या सज्जातून त्याच्या डोक्यावर उडी घेतली की त्याचं बरंचसं आयुष्य एका घावात जातं. इथे गेम तुम्हाला सगळं सांगून टाकतो: राक्षसाकडे नंतर बघ, आधी खोली बघ. मला ते कळायला दोन महिने लागले.

टॉरस डीमनच्या वेळी तेच. अरुंद तटबंदी, समोरून बैलतोंड्या धावत येतोय आणि मागच्या बुरुजावरून दोन जण बाण मारताहेत. आधी शिडी चढून त्या दोघांचा निकाल लावायचा, मग तिथूनच खाली उडी. चर्चच्या छपरावर बेल गार्गॉइल: एकाला निम्मा केला न केला तोच दुसरा येऊन बसतो, आणि पायाखाली उतरतं छप्पर. तिथे माणूसरूपात असाल (एरवी तुम्ही चालतंबोलतं प्रेत असता) तर सोलेअर नावाचा गेममधलाच एक योद्धा मदतीला बोलावता येतो. मी बोलावला. लाज कसली त्यात?

पण ज्याने मला खरोखर रडवलं तो यांतला कुणीच नाही. अनडेड बर्गच्या खालच्या वस्तीतला कॅप्रा डीमन. कुणी त्याची कौतुकं करत नाही, त्याचं दर्शन घडवणारी चित्रफीतही नाही. धुक्याचं दार ओलांडलं की आमच्या जुन्या घरामागच्या न्हाणीघराएवढं अंगण. समोर बकऱ्याच्या कवटीचं तोंड, दोन्ही हातांत कोयत्यासारखी अजस्र हत्यारं, आणि त्याच्याआधी पोचणारी दोन कुत्री. कॅमेरा भिंतीत अडकतो. घाव चुकवायला कोलांटी (रोल) मारायला जागा नाही. कुत्रं चावलं की तुम्ही क्षणभर थिजता आणि तेवढ्यात कोयता पडतो. माझी पहिली सहा मरणं प्रत्येकी दहा सेकंदांच्या आत झाली. परत यायचं म्हणजे घरांच्या दारांतून अचानक बाहेर पडणारे चोर पुन्हा पार करायचे, मरताना सांडलेले सोल्स (शत्रू मारून मिळणारी, लेव्हल वाढवायला लागणारी कमाई) उचलायचे, आणि त्याआधीच मेलात तर तेही गेले.

मी लेव्हल वाढवत बसलो. तलवार आंद्रे लोहाराकडून ठोकून +५ करून घेतली. काही फरक नाही. तेविसाव्या मरणाला धाकटी बहीण मागे उभी होती. तिला गेममधलं ओ की ठो कळत नाही.

“दादा, तो जिना कशाला ठेवलाय मग?”

डावीकडे जिना होता. वर एक चिंचोळा कठडा. तेवीस वेळा मी तो पाहिला होता आणि त्याला सजावट समजत होतो. आत शिरायचं, ढाल वर ठेवून सरळ जिना गाठायचा, कुत्री एकेक करून वर येतात तशी मारायची, मग डीमन वर आला की खाली उडी, तो खाली आला की पुन्हा वर. चोविसाव्या नाही, पण सव्विसाव्या फेरीत मेला. (आत न जाताच बाहेरून भिंतीवरून फायरबॉम्ब टाकूनही त्याला मारता येतं, हे मला नंतर कळलं. ते मी बहिणीला अजून सांगितलेलं नाही.)

गंमत पुढे आहे. त्याच्याकडून मिळालेल्या किल्लीने गटारांत उतरलो तर तिथे गेपिंग ड्रॅगन. छाती फाडून दात काढलेला, संपूर्ण गेममधला दिसायला सर्वांत किळसवाणा प्राणी. दुसऱ्याच फेरीत गेला! कारण त्याचं दालन ऐसपैस आहे, पळायला जागा आहे.

अनॉर लोंडोतले ऑर्नस्टाइन आणि स्मॉ यांच्याबद्दल सगळे बोलतात, आणि ते अवघड आहेतच. एक चपळ, एक अवजड, आणि एकाला मारलं की दुसरा त्याची ताकद घेऊन पूर्ण आयुष्यानिशी उभा राहतो. मला अकरा फेऱ्या लागल्या. पण तिथे खांब आहेत. दोघांच्या मध्ये कायम एक खांब ठेवायचा हे मी पहिल्याच फेरीत ओळखलं, ते त्या अंगणाच्या पुण्याईने.

तक्रार एकच, पण मोठी: बेड ऑफ केऑस हा बॉस. तिथे खोलीच सगळं करते. जमीन पायाखालून कोसळते, नेमकी कुठे ते पडल्याशिवाय कळत नाही, आणि उड्या मारणं हा या गेमचा सर्वांत कच्चा भाग. मेल्यावर आधी तोडलेलं तुटलेलंच राहतं, म्हणजे बनवणाऱ्यांनाही दया आली असावी. एकूण गेमचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका घोटलेला नाही. शेवटचा बॉस ग्विन तर पॅरी (नेमक्या क्षणी घाव झटकून टाकणं) जमत असेल तर चटकन आटोपतो.

आणि सिफ. तो प्रचंड लांडगा आयुष्य संपत आलं की लंगडायला लागतो. तिथे मी कंट्रोलर खाली ठेवून चहा करायला गेलो.

घ्यायचा की नाही? रोज अर्धा तास मिळत असेल तर चिडचिड होईल, कारण परतीच्या वाटेतच अर्धा तास जातो. नकाशा नाही, कुठे जायचं ते कुणी सांगत नाही. मी सुरुवातीला स्मशानाकडे वळलो आणि सांगाड्यांनी मला दोन संध्याकाळी झोडपलं. ती वाट पहिल्यांदा घ्यायचीच नव्हती. शनिवारची अख्खी दुपार मोकळी असेल तर घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा बेड ऑफ केऑसने खाल्ला.

सध्या दुसरी खेळी चालू आहे, शत्रू आणखी कडक झालेत. परवा मोठ्या तोऱ्यात त्या अंगणात शिरलो. ढाल पाठीवरच राहिली होती. सात सेकंद.