मीटरवरून पुसलेले पाऊण लाख किलोमीटर

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी मुंबईत ओशिवऱ्यातील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस (ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची आवृत्ती) १९,७५,००० रुपयांना विकत घेतली. ५१,००० टोकन, १७,३४,००० आरटीजीएसने आणि १,९०,००० रोख असा तो व्यवहार झाला. रोखीची पावती मला मिळाली नाही आणि मी ती मागितलीही नाही, हे लिहिताना आजही लाज वाटते. मीटरवर ४१,३२० किलोमीटर होते. गाडी प्रत्यक्षात १,१६,५०० किलोमीटर चालली होती.

मीटर मागे फिरवतात हे मला माहीत होते. तरी पहिली चूक केली ती जाहिरातींतल्या भावांवर विसंबण्याची. मी तीन महिने जाहिरातींत याच गाडीचे भाव पाहत होतो, पाच गाड्यांच्या किमती वहीत उतरवल्या होत्या आणि त्यांच्या सरासरीपेक्षा ही गाडी लाखभराने स्वस्त होती. त्या पाचपैकी तीन जाहिराती याच माणसाने वेगवेगळ्या नावांनी टाकलेल्या होत्या, हे मला नंतर कळले. जाहिरातीत असतो तो मागितलेला भाव. गाडी शेवटी कितीला गेली ते कोणीही लिहीत नाही.

दुसरी चूक तुलनेची. नवी असताना या गाडीची एक्स-शोरूम किंमत २४.६२ लाख होती. विक्रेता मात्र सतत २०२० च्या व्हीआरएस २४५ चा दाखला देत होता : "सर, त्या भारतात फक्त दोनशे आल्या, ३५.९९ लाखांना. त्या मानाने ही फुकट आहे." ती गाडी वेगळी, तिची शक्ती वेगळी, तिचा गिअरबॉक्सही वेगळा. दुर्मीळ गाडीचे मोल तिच्या लहान बहिणीला लावून दाखवायचे आणि ३० हजार जास्त मागून २० हजार सोडायचे, ही त्यांची रीत.

आणि आता तो क्षण, जो मला अजूनही झोपू देत नाही. चाचणीसाठी गाडी लिंक रोडवर नेली, दुपारची वेळ होती, हाताला घाम होता. सिग्नलला थांबलो तेव्हा उजव्या तळव्यावर काळा डाग दिसला. स्टिअरिंगच्या चामड्याचा रंग हाताला लागला होता. मी विचारले तर शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "कालच डिटेलिंग केलंय साहेब, ताजं आहे." मी तळवा रुमालाला पुसला आणि गाडी पुढे घेतली. जेमतेम ४१ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या स्टिअरिंगला नव्याने रंग द्यावा लागत नाही, एवढा साधा विचार मला सुचला नाही, कारण टर्बोच्या जोराने मी आधीच भारावलो होतो. चारही टायर कोरे होते, तेही मी गाडीच्या जमेस धरले. खरे तर जुन्या टायरच्या बाजूवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात, तो पुरावाच त्यांनी काढून टाकला होता.

एप्रिलमध्ये खंडाळ्याच्या घाटात गिअर झटके देऊ लागला. गॅरेजमध्ये लॅपटॉप जोडल्यावर एका जुन्या बिघाडाची नोंद निघाली आणि तीत त्या वेळचे किलोमीटर होते : १,१२,०००. मीटर बदलणाऱ्याला ती नोंद पुसायचे सुचले नव्हते. हे स्कॅन टोकन देण्याआधी करून घ्या, विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजात मुळीच नको. दुरुस्तीचे २,१८,४०० रुपये वेगळे गेले.

आरसी बुकवर मूळ मालकाचे नाव होते. ते परदेशी गेल्याचे मला सांगण्यात आले होते. ते ठाण्यात राहतात. त्यांनी गाडी १२,२५,००० ला दिली होती आणि खरे किलोमीटर त्यांनीच मला सांगितले. तो फोन मी व्यवहाराआधी केला असता, तर रास्त भाव काय आहे ते मला पाच मिनिटांत समजले असते.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या दोन वेळा "हा दिवाणी वाद आहे, ग्राहक आयोगात जा" एवढेच ऐकवले. तिसऱ्या वेळी अर्जाच्या प्रतीवर पोचीचा शिक्का मिळाला, गुन्हा मात्र अद्याप नोंदवलेला नाही. आरटीओच्या खिडकीवर उत्तर मिळाले की त्यांच्या नोंदीत मूळ मालक आहे आणि मी आहे, मधला माणूस नाहीच. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचे अधिकारपत्र बंधनकारक आहे आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचनाही आरटीओला द्यावी लागते, मग हा माणूस बिनदिक्कत दुकान कसे चालवतो, या प्रश्नाला "लेखी द्या" म्हणाले. लेखी दिले. उत्तर नाही. नियम कागदावर करायचा, त्याची अंमलबजावणी कोणी करायची नाही आणि फसलेल्या माणसाने रजा टाकून खिडक्या पालथ्या घालायच्या, याचा माझा संताप त्या विक्रेत्यावरच्या संतापाहून कमी नाही. ते अधिकारपत्र आधी मागा. दाखवता येत नसेल तर उठून या. "आहे त्या स्थितीत विक्री" असे छापलेल्या कागदावर सही करू नका. मी ती केली होती, आणि आता ग्राहक आयोगातल्या माझ्या तक्रारीत त्याचा वकील हाच कागद दर तारखेला पुढे करतो. माझ्या वकिलाचे आतापर्यंत ६०,००० झाले. रोख रक्कम सिद्ध करता येणार नाही, असे त्यांनी स्पष्टच सांगितले आहे.

गेल्या आठवड्यात त्याच गाळ्यासमोरून गेलो. पांढरी व्हीआरएस उभी होती, काचेवर ३९,००० किलोमीटरची चिठ्ठी. ती पाहायला जाणाऱ्याने आधी स्टिअरिंगवर ओले पांढरे फडके फिरवून बघावे.