सॅनिटरी पॅड दान करायचेत: संस्थेला द्यावेत की थेट वाटावेत?

अमेरिकेत मंडळातर्फे पॅड गोळा करायचं ठरलं की बैठकीत कुणीतरी विचारतंच, "उद्या कुणाला काही झालं आणि आपल्याला कोर्टात खेचलं तर?" शंका रास्त आहे. पण गरजही खरी आहे. फूड स्टॅम्पवर, म्हणजे सरकारी अन्नमदतीवर, तांदूळ घेता येतो, पॅड घेता येत नाहीत.

खासदार बिल इमर्सन यांच्या नावाचा १९९६ चा केंद्रीय 'गुड समॅरिटन' (सद्भावनेनं मदत करणाऱ्याला वाचवणारा) कायदा मुळात अन्नदात्यांना संरक्षण देतो, पण त्यात किराणा वस्तूही येतात. वस्तू सद्भावनेनं, ना-नफा संस्थेमार्फत गरजूंसाठी दिलेली हवी. घोर निष्काळजीपणा किंवा मुद्दाम केलेला अपाय नसेल तर देणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. किराण्याच्या व्याख्येत वापरून फेकायच्या कागदी-प्लास्टिकच्या वस्तू आहेत, कपडे धुण्याचा साबण आहे, 'इतर घरगुती वस्तू' आहेत. पॅडचं नाव मात्र नाही! साबण आठवला, पॅड नाही. पॅड-टॅम्पॉनच्या दात्यांसाठी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, वेगळं विधेयक आलं, ते उगाच नाही. तरी साधे पॅड 'घरगुती वस्तूं'त बसतात असं म्हणायला चांगली जागा आहे.

थेट वाटपाचं गणित वेगळं. २०२३ च्या सुरुवातीला झालेल्या दुरुस्तीनं गरजूच्या हातात थेट देणाऱ्यांनाही संरक्षण मिळालं, पण ते किराणा दुकानं, रेस्टॉरंट, शेतकरी, कॉलेजं अशा ठरावीक दात्यांना. तुम्ही-आम्ही गाडीच्या डिकीतून पाकिटं वाटली तर त्यात बसत नाही. मंडळ धर्मादाय कामासाठी चालत असेल आणि नफा कुणाच्या खिशात जात नसेल, तर मंडळच 'संस्था' ठरू शकतं. पण गणपती-दिवाळीपुरतं जमणारं मंडळ त्यात बसतं का, हा वाद कोर्टात घालण्यापेक्षा मी खोके सरळ फूड बँकेत पोचवीन.

आता काय द्यायचं? पॅड आणि टॅम्पॉन यांत मी पॅडच निवडेन. कायद्याला वस्तू लेबलच्या नियमांत बसणारी हवी, आणि टॅम्पॉनच्या बाबतीत ते नियम कडक आहेत: शोषणक्षमता आणि टॉक्सिक शॉक सिंड्रोमचा (क्वचित होणाऱ्या पण जीवघेण्या आजाराचा) इशारा छापलेला लागतो. घरातल्या अर्ध्या डब्यातले सुटे टॅम्पॉन पिशवीत भरले की डबा गेला, त्याबरोबर इशाराही गेला. टॅम्पॉन द्यायचेच तर न उघडलेला डबा द्या.

गावाकडच्या शाळेला पार्सल पाठवणार असाल तर हा कायदा तिथवर पोचत नाही. भारतात 'गुड समॅरिटन' म्हणजे मोटार वाहन कायद्यातलं १३४-अ, अपघातात मदत करणाऱ्यासाठी.

अमेरिकेतच देताना बाहेरचा खोका फाटला पण आतली पाकिटं शाबूत, असं बऱ्याचदा होतं. तो माल लपवून देऊ नका. काय बिघडलंय ते संस्थेला आधी कळवा. नियम ठाऊक असलेली संस्था तो नीट करून घ्यायला तयार असेल तर संरक्षण टिकतं. हे बोलणं फोनवर न करता ईमेलवर करा.