जुन्या संगणकावरचे पेजमेकर-क्वार्क चालू ठेवावे की बदलावे?

पुस्तकांची-मासिकांची पाने संगणकावर जुळवण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. त्यानंतर काही वर्षांतच ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने त्याचा विकास थांबवला आणि सारे लक्ष पाने जुळवण्याच्याच आपल्या नव्या सॉफ्टवेअरकडे, इनडिझाइनकडे वळवले. तरीही पेजमेकर किंवा त्याच प्रकारच्या क्वार्कएक्सप्रेसच्या तिसऱ्या-चौथ्या आवृत्त्या आणि व्हेंचुरा पब्लिशर यांवर आजही नेमाने काम करणारे लोक आहेत आणि केवळ सवयीचे गुलाम म्हणून त्यांना निकालात काढणे योग्य नाही. त्यांचा हात बसलेला असतो, वर्षानुवर्षांच्या फाइली त्याच स्वरूपात असतात, आणि काम मजकूर, दोन-तीन स्तंभ व काही चित्रे एवढेच असेल, तर ते सॉफ्टवेअर पूर्वीइतक्याच चोखपणे ते पार पाडते. अशा व्यक्तीपुढे तीन वाटा असतात: जुने सॉफ्टवेअर जुन्याच संगणकावर चालवत राहणे, तेच सॉफ्टवेअर नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीन किंवा एम्युलेटरमध्ये (म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बसवणे, किंवा सरळ नव्या सॉफ्टवेअरवर जाणे. माझा कल आधीच सांगून टाकतो: जुन्या फाइलींसाठी मधली वाट आणि नव्या कामासाठी नवे सॉफ्टवेअर. जुना संगणक रोजच्या कामाला ठेवण्याची कारणे मोजकीच आहेत, पण ती खोटी नाहीत.

जुनाच संगणक

पहिले कारण यंत्रसामग्रीचे. समांतर (पॅरलल) पोर्टला लावायचे डोंगल, म्हणजे परवान्याची खूण असलेले छोटे उपकरण, असल्याशिवाय न चालणारे फॉन्टचे सॉफ्टवेअर, स्कझी या जुन्या प्रकारच्या जोडणीचा स्कॅनर, त्या काळच्या ड्रायव्हरवरच चालणारा पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी छपाईची भाषा) जाणणारा प्रिंटर, यांपैकी काहीही कामाच्या साखळीत असेल, तर नव्या संगणकात त्यासाठी बहुधा खाचच नसते. दुसरे कारण स्थैर्याचे. ज्या संगणकावर काहीही अद्ययावत होत नाही, त्यावर काल जुळवलेले पान आज तसेच उघडते.

मात्र धोका जिथे वाटतो तिथे सहसा नसतो. सॉफ्टवेअर झिजत नाही, झिजते ते त्याच्याखालचे लोखंड. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगतात, जुन्या मॅकमधली घड्याळाची बॅटरी पाझरून बोर्ड खाते, आणि आयडीई या जुन्या जोडणीची हार्ड डिस्क एखाद्या दिवशी फिरायचीच थांबते. डिस्कच्या जागी अडॅप्टर लावून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवणे हा यावरचा बऱ्यापैकी टिकाऊ उपाय आहे आणि जुना संगणक ठेवायचे ठरलेच, तर सर्वांत आधी करण्याचे काम हेच. विंडोज एक्सपीला सुरक्षा-सुधारणा मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, त्यामुळे असा संगणक इंटरनेटला जोडू नये, हे वेगळे सांगायला नको.

पण नेटपासून तोडला, की फाइली बाहेर कशा काढायच्या, हा प्रश्न उभा राहतो आणि मॅकवर तो विशेष नाजूक आहे. जुन्या मॅकच्या फॉन्टमधील महत्त्वाची माहिती फाइलीच्या रिसोर्स फोर्क नावाच्या वेगळ्या भागात असते. फॉन्ट तसेच विंडोजसाठी फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर टाकले आणि तिथून पुढे नेले, तर तो भाग गळून पडण्याची शक्यता असते. मग नाव जागेवर दिसते, पण फाइलीचा आकार शून्य असतो. म्हणून फॉन्ट आणि फाइली आधी स्टफइट या मॅकच्या सॉफ्टवेअरने एका फाइलीत गुंडाळून किंवा डिस्क इमेजमध्ये (अख्ख्या डिस्कची प्रत असलेल्या फाइलीत) घालून मगच हलवाव्यात.

तेच सॉफ्टवेअर, नव्या संगणकात

६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटची सॉफ्टवेअर चालत नाहीत, म्हणजे विंडोज ३.१ च्या काळातली पेजमेकर किंवा व्हेंचुरा थेट बसवता येणार नाही. पेजमेकर ७ हे ३२ बिटचे असल्याने नव्या विंडोजवरही पुष्कळदा उघडते, पण छपाई आणि पीडीएफच्या टप्प्यावर अडचणी येतात. मॅकवर तर पेजमेकर ओएस टेन या नव्या कार्यप्रणालीसाठी कधी निघालेच नाही. ते ओएस टेनमध्ये जुनी सॉफ्टवेअर चालवणाऱ्या क्लासिक वातावरणात चालत असे, आणि ओएस टेनच्या २००७ च्या लेपर्ड आवृत्तीपासून क्लासिकच गेले. त्यामुळे विंडोजच्या फाइलींसाठी व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेले विंडोज २००० किंवा एक्सपी, आणि मॅकच्या फाइलींसाठी मॅक ओएस ९.०.४ पर्यंत चालवणारा शीपशेव्हर हा एम्युलेटर, हे व्यवहार्य पर्याय ठरतात.

या वाटेचा मोठा फायदा असा, की अख्खा संगणक एका फाइलीत मावतो. फॉन्ट, प्लगइन, प्रिंटरचे ड्रायव्हर सगळे एकदा नीट लावून त्या फाइलीची प्रत दोन ठिकाणी ठेवली, की डिस्क मेल्याचे भय संपते. शिवाय पेजमेकरमध्ये ‘अनडू’ फक्त एकच पाऊल मागे जाते, तर व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या अवस्थेची नोंद, घेऊन ठेवला असेल, तर संपूर्ण अवस्थाच मागे नेता येते. ही सोय मूळ संगणकावर कधीच नव्हती.

पीडीएफसाठी मशीनच्या आतून पोस्टस्क्रिप्ट फाइल तयार करावी आणि बाहेर घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने तिचे रूपांतर करावे. मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये ही सोय पूर्वी होती, ती मॅक कार्यप्रणालीच्या २०२२ च्या व्हेंचुरा आवृत्तीत काढून टाकली गेली. (पब्लिशर व्हेंचुराचा आणि या व्हेंचुराचा काहीही संबंध नाही.) पोस्टस्क्रिप्टसाठी योग्य प्रिंटर ड्रायव्हर निवडलेला आहे याची खात्री करून घ्यावी, कारण साध्या ड्रायव्हरवर ईपीएस (पोस्टस्क्रिप्टमध्ये साठवलेल्या) चित्रांची फक्त पडद्यापुरती धूसर प्रतिमा छापली जाते.

परवान्याच्या बाबतीत एक उलटा प्रकार दिसतो. पेजमेकर ७ ला अनुक्रमांक पुरतो आणि कोणत्याही सर्व्हरची परवानगी लागत नाही. त्यानंतरच्या, ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशन मागणाऱ्या पिढीचा जीव मात्र सर्व्हरवर टांगलेला असतो. अडोबीने सीएस२ (क्रिएटिव्ह सूट २) या सॉफ्टवेअर-संचाचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी वेगळी प्रत द्यावी लागली. म्हणजे दीर्घकाळ टिकण्याच्या दृष्टीने फार जुने सॉफ्टवेअर मधल्या काळातल्या सॉफ्टवेअरपेक्षा भरवशाचे ठरते.

नवे सॉफ्टवेअर

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत: जुन्या फाइली उघडतात का, आणि उघडल्यावर त्या पूर्वीसारख्या राहतात का. पेजमेकर ६ आणि पुढच्या फाइली इनडिझाइन सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडत असत, त्यानंतर ती सोय काढली गेली. लिबरऑफिस ड्रॉ आणि स्क्राइबस या मोफत सॉफ्टवेअरमध्येही पेजमेकरच्या फाइली आयात करता येतात, पण त्याकडे मजकूर व चित्रांच्या जागा सोडवून घेण्याचे साधन म्हणून पाहावे, हुबेहूब पान मिळेल ही अपेक्षा ठेवू नये.

इनडिझाइनमधून उघडलेली फाइलही तंतोतंत राहीलच असे नाही. पेजमेकर एकेका ओळीपुरता विचार करून ती तोडते, इनडिझाइनचा परिच्छेद-जुळारी (पॅराग्राफ कंपोझर) संपूर्ण परिच्छेद पाहून ओळी ठरवतो. परिणामी एखादा शब्द वर सरकतो, परिच्छेदाची एक ओळ कमी होते, आणि दोनशे पानांच्या पुस्तकात शेवटच्या प्रकरणाची पाने बदलून सूची चुकीची ठरते. इनडिझाइनमध्ये एकेरी ओळीचा जुळारी (सिंगल-लाइन कंपोझर) निवडल्यास फरक कमी होतो, पण मुद्रितशोधन टळत नाही. टाइप १ या जुन्या प्रकारचे फॉन्टही इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्यांत आता कामाचे नाहीत, कारण अडोबीने त्यांचा आधार जानेवारी २०२३ मध्ये काढला.

देवनागरी मजकुराची गोष्ट याहून अवघड आहे. पेजमेकर युनिकोड (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणारी पद्धत) जाणत नाही, त्यामुळे त्यातला मराठी मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेल्या आकृत्यांचा असतो. ‘किती’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर साठवलेला असतो, ‘धर्म’मधला रफार म नंतर येतो, तर युनिकोडमध्ये हा क्रम उलटा असतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारी सॉफ्टवेअर, म्हणजे रूपांतरक, हे बदल करतात, पण संपूर्ण मजकूर एकदम त्यांच्या हवाली केला, तर अधूनमधून आलेले इंग्रजी शब्दही निरर्थक देवनागरीत बदलतात. म्हणून रूपांतर फॉन्टनिहाय करावे, निदान इंग्रजी शब्दांवर आधी खुणा करून ठेवाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, मात्र ते एकदा झाले, की मजकूर शोधता येतो, वेबवर टाकता येतो आणि ई-पुस्तकात वापरता येतो. जुन्या फाइलीच्या पीडीएफमधून यातले काहीच नीट साधत नाही.

फक्त पुनर्मुद्रण करायचे असेल आणि मजकुरात दुरुस्ती नसेल, तर रूपांतराच्या भानगडीत पडू नये. फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ काढून ठेवणे पुरेसे आहे. दर आवृत्तीला चार-दोन दुरुस्त्या होत असतील, तर व्हर्च्युअल मशीन उत्तम. पुस्तक नव्याने वाढवायचे, त्याची डिजिटल आवृत्ती काढायची किंवा दुसऱ्या कोणाबरोबर फाइलींची देवाणघेवाण करायची असेल, तर नवे सॉफ्टवेअर घ्यावे आणि सुरुवात सर्वांत लहान पुस्तिकेपासून करावी, कारण फॉन्ट व रूपांतरकाच्या बहुतेक खोडी तिच्यातच उघड होतात. मूळ फाइली मात्र रूपांतरानंतरही फॉन्टसह जपून ठेवाव्यात. नव्या प्रतीत एखादे जोडाक्षर संशयास्पद दिसले, तर ते पडताळून पाहायला दुसरी जागा नसते.